टोपणभर औषध आणि वाहती रांगोळी

"मॅडम, दगडाच्या पिठाला गुठळ्या होतात, त्यावर औषध हाय का?"

भर वर्गात विचारलं मी! माझ्या बाकावरची शिवकन्या म्हणालेली, "पाहुण्या मॅडमला विचारून दाखव, मग मानीन!" मग काय, उभीच राहिले! सगळा वर्ग फिदीफिदी हसला. सिमेंट कारखान्यातून आलेल्या मॅडम मात्र हसल्या नाहीत. "आहे की! बारीक कण एकमेकांना चिकटतात. या रसायनाचा पातळ थर बसला की सुटे होतात." वर एक बाटलीही दिली. पोत्याला एक टोपण, बस्स!

आमच्या बायकांची सहकारी रांगोळी गिरणी आहे. लोखंडी गोळ्या घातलेल्या पिंपात पांढरा दगड दळायचा. पण पीठ गोळ्यांनाच बिलगून बसायचं! त्या संध्याकाळी परळीचे व्यापारी राधाकिशनशेठ माल बघायला येणार होते. पसंत पडला तर आई-अण्णा घरी. नाहीतर दसऱ्यानंतर ऊसतोडीला, आणि माझी दहावी उसाच्या फडात!

"मी हाय ना!" गिरणीत बाटली दाखवत मी ऐटीत म्हणाले.

चेअरमन भिवराबाईंनी टोपणभर औषध ओतलं. लगेच छबुबाई फुरंगटल्या, "तुमीच कावून? आमचा शेअर न्हाई का?" त्यांनीही ओतलं. मग एकेक करत सगळ्याच सभासद बायांनी!

"एकच टोपण! एकच!" मी ओरडतेय.

"गप गं पोरी, सहकार हाय!"

बाटली रिकामी!

दळण झालं, झाकण उघडलं आणि बाप रे! रांगोळी दुधासारखी वाहायला लागली! मुठीत धरावी तर मासोळीसारखी निसटते. उंबरा ओलांडून ओट्यावरून थेट धबधबा! दुष्काळात काहीही वाहताना दिसलं की आमच्या गल्लीला एकच सुचतं.

"टँकर आलाऽऽ!"

क्षणात ओट्याखाली हंडे, कळशा, पातेली!

"ढकलू नगा, माझा नंबर हाय!" म्हणत शेजारच्या दगडाबाईंनी हंडा भरला, आत हात घातला आणि किंचाळल्या, "अगं बया, पानी कोरडं!"

नेमके तेव्हाच राधाकिशनशेठ उतरले. त्यांनी हंड्यातली चिमूट घेऊन जमिनीवर सोडली. केसासारखी बारीक, सरळ रेघ!

"लई झकास! एक गुठळी न्हाई! समदा माल घेतो. पर ह्यो हंड्यात कावून?"

भिवराबाईंनी घाईघाईनं रिकामी पोती पुढे केली.

गल्लीनं चिमूटभरही रांगोळी ठेवून घेतली नाही. हंडे ठोकून ठोकून पोत्यांत रिते केले, दगडाबाईंनी तर पदरसुद्धा झटकला. ही माणसं धावली नसती तर सगळा माल मातीत गेला असता. त्यांचे उपकार कशाने फेडू?

घरी आल्या आल्या जाहीर केलं, "आई, अण्णा, ठरलं! मी केमिकल इंजिनियर होणार! पर उद्यापासून. आज समद्या गल्लीचे हंडे घासून द्यायचं कबूल करून बसलेय!"