बाईंच्या नोकरीतला खंड

"बायची बढती आज पक्की! मी बोलायला लागलो ना, सायबाचा पेन आपोआप चालंल!" पनवेलच्या सरकारी कार्यालयाचा जिना चढताना गव्हाणचे महादेवशेठ बायकोला, भामाला, सांगत होते.

डॉक्टर जेरुशा आवासकर गव्हाणच्या दवाखान्यात आधी कित्येक वर्षं हंगामी होत्या, मग कायम झाल्या. ती हंगामी वर्षं बढतीला धरायची की नाही, इथे घोडं अडलं होतं. बरोबरीचे सगळे केव्हाच पुढे गेले, बाई तिथल्या तिथेच! का, तर नोकरीत खंड! सरकार त्यांना अधूनमधून एक दिवस कागदावर घरी बसवायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नेमायचं. बाई मात्र त्या दिवशीही दवाखान्यात हजर! अशी बाई शोधून सापडायची नाही, असं शेठ येईल त्याला ऐकवायचे.

बाईंना समोर बसवून साहेबांनी साक्षीला आलेल्या शेठना विचारलं, "खंडाच्या दिवशीही या कामावर होत्या, हे तुम्ही पाहिलंय?"

"पायलंय? अवो, माजी नातच त्या दिवशी जन्मली! खाडीचा पानी रस्त्यावर आलेला, तरी बाय चपला हातात घेऊन चालत आली!"

साहेब खूश झाले. "वा! मग ही वर्षं धरायला हवीत. बढती मिळाली की बाई परभणीला. जागा तिथेच रिकामी आहे."

शेठचा चेहरा खर्रकन उतरला.

"परभनी? सायेब, माजी जरा चूक झाली. बाय त्या दिवशी नव्हतीच. दवाखाना बंद होता!"

"मग ते बाळंतपण कोणी केलं?"

"मी केला!"

"तुमी?" भामा उसळलीच. "तुमी तर ओटीवर चक्कर येऊन पडलेले! बायनी आदी सुनेला सोडवली, मंग तुमाला शुद्धीवर आनला! सायेब, तुमी लिवा. बाय आमाला पायजे, म्हनून तिचा हक्क आमी अडवायचा काय?"

"आमाला सवय लागलीय ओ तिची," शेठ मान खाली घालून पुटपुटले.

साहेबांनी हसत हसत लिहून टाकलं. बाईंचे डोळे भरून आले. त्या उठल्या, पिशवीतून यंत्र काढलं आणि शेठच्या दंडाला पट्टा गुंडाळला.

"वाढलंय, शेठ."

बाईंची बढती अजून व्हायची होती. शेठच्या बीपीची मात्र जागच्या जागी झाली!