चिंचआळीच्या बावीचा वेढा आणि झंबोऱ्याच्या दग्याचा निवाडा

वसई प्रांती, मौजे चिंचआळी, येथील वडील व धाकटे समस्त यांची आज्ञा जाहली की, सालोमीबाईंच्या लग्नसमयी मामासाहेबांची बाव, म्हणजे विहीर, बंद पडोन जो कहर गुजरला आणि पुढे जी फत्ते जाहली, तिची हकीकत ज्याच्या त्याच्या तोंडी निराळी होत चालली, करिता एकवार नीट लिहून ठेवावी, म्हणजे नातवंडांस भांडावयास निदान एकच पाठ राहील. आज्ञा शिरी धरोन लिहिले. जे डोळियांदेखत घडले ते तसेच लिहिले, ऐकीव ते ऐकीव म्हणून लिहिले, आणि जे उभय पक्षांनी शपथेवर सांगितले ते बहुतकरून गाळिले.

कलहाचे मूळ येणेप्रमाणे. या लग्नाआधी दहा-बारा वर्षे मुंबई शहरी फ्रीस्टाइल कुस्त्यांचा मोठा अंमल होता. त्यांत बिजलीसिंग नामे एक गोरेगोमटे, भरदार मल्ल, आणि त्यांचे जोडीस काळा मुखवटा धारण करणारे झंबोरा, ऐसे उभयता सख्ख्या भावांसारखे जोडीने लढत. जोडीच्या कुस्तीचा कायदा ऐसा की, आतला दमला म्हणजे दोरापलीकडील साथीदाराचे हातावर हात मारावा, मग तो बाहेर येई आणि साथीदार आत जाई. एके समयी दोघां परदेशी राक्षसांशी गाठ पडली. बिजलीसिंग मार खाऊन खाऊन हैराण जाहले, रांगत रांगत कोपऱ्याशी आले, आणि त्यांनी हात पुढे केला. तो झंबोऱ्याने आपला हात मागे घेतला. एवढ्यावरी न राहता पाणी प्यावयाचे वेळी बसावयाचे लाकडी स्टूल उचलिले आणि मित्राचे पाठीत घातले. मग त्या दोघांचे वैर पेटले, आणि विरारपासून नायगावपर्यंत भिंती भिंती त्यांच्या चित्रांनी भरल्या. पुढे मल्ल म्हातारे जाहले, कुस्त्या आटोपल्या, चित्रांवरी साबणाची चित्रे डकविली गेली. जग विसरले. चिंचआळी विसरली नाही.

कारण की चिंचआळीत एक प्रश्न शिल्लक राहिला, तो हा की, झंबोऱ्याने स्टूल का उचलिले?

या प्रश्नावरी आळीत दोन पक्ष जाहले. एका पक्षाचे सरदार हिलरी, केळी व मोगऱ्याचे बागाईतदार. यांचे मत, झंबोरा मूळचा सज्जन. चित्रांत बिजलीसिंगांचे नाव नेहमी वर आणि मोठे, झंबोऱ्याचे खाली आणि बारीक. टाळ्या एकाला, मुखवट्यातला घाम दुसऱ्याला. असे वर्षानुवर्षे साचले आणि एके दिवशी फुटले. "मनुष्य उगाच स्टूल उचलत नाही," हे त्यांचे ब्रीदवाक्य होते. दुसऱ्या पक्षाचे सरदार फ्रेडरिक, हिलरींच्या पत्नी लिडियाबाई यांचे सख्खे बंधू, आणि आळीतील एकमेव गोड्या पाण्याच्या बावीचे मालक. यांचे मत, झंबोरा जातीचा दुष्ट. "विंचू डसला तर त्याचं काय दुखत होतं म्हणून कोण विचारतो?" हे त्यांचे उत्तर. आळीच्या कुरसाजवळच्या, म्हणजे क्रूसाजवळच्या, कठड्यावरी सायंकाळची प्रार्थना संपली की आमेनचा आवाज हवेत विरण्यापूर्वी हा जाबसाल सुरू होई, आणि मेहुण्या-मेहुण्यांनी एकमेकांस जे शब्द वापरिले ते लिहिता पाद्रीबाबांस वाईट वाटेल, सबब लिहिले नाहीत.

ऐशियात सन १९८३ इसवी, ईस्टरचा सण उरकल्यावरी, हिलरींची कन्या सालोमीबाई यांचे लग्न नायगावकर अँथनी यांशी ठरले. सालोमीबाई शाळेत शिक्षिका, बोलावयास मोजक्या, आणि वर्गातील मागच्या बाकावरचेही पुटपुटणे ऐकावयाचे सामर्थ्य बाळगणाऱ्या. तयारीस जोर आला. हिलरींनी कामण गावी जाऊन वऱ्हाडासाठी लॉरी ठरविली आणि लॉरीवाल्यास तेथेच आग्रहाने आवतण देऊन आले. मग दुसरे दिवशी आळीतील घरोघर आवतणे फिरली. मग मांडव पडला, लुईस यांचा बँड मुक्रर जाहला, आणि फुग्यांचे, म्हणजे लग्नातल्या तळलेल्या फुगीर पावांचे, पीठ भिजवावयाचे दिवस आले.

आता आळीचा रिवाज असा की, लग्नाचे आदले दिवशी बायकांनी गात-वाजत मामाच्या बावीवरी जावे, मामाने आपल्या हाते पहिला पोहरा ओढून द्यावा, आणि त्या पाण्याने, ज्यास उंबराचे पाणी म्हणतात, नवरीस न्हाऊ घालावे. हे न घडले तर पाद्रीबाबा लग्न लावतील, देवबाप मान्य करील, पण आळी मानणार नाही. आळीने न मानलेले लग्न पुढे प्रत्येक भांडणात काढले जाते, हे सर्वांस ठाऊक.

त्या आठवड्यात एके दुपारी मांडवात सुपारी कातरीत उभय सरदार बसले असता, कोणी एका नतद्रष्टाने झंबोऱ्याचे नाव काढिले. कोणी काढिले याविषयी तीन वार्ता आहेत. एकीचाही भरवसा नाही. शब्दास शब्द लागला, आणि हिलरी बोलोन गेले, "झंबोऱ्याचं मन तुम्हांला नाही कळायचं, फ्रेडरिक. त्यासाठी आधी स्वतःला मन असावं लागतं!"

फ्रेडरिक उठले. हातची सुपारी खाली ठेविली. घरी गेले, बावीवरचा पोहरा आणि दोर आत नेला, पाणी उपसावयाच्या इंजिनाचे हँडल काढून खाटेखाली टाकिले, फाटकास कुलूप घातले, आणि फर्मान सोडले की, ज्याला मन आहे त्याने मनातून पाणी काढावे.

वैशाखाचे दिवस. इतर बावी तळास गेलेल्या, जे पाणी होते ते मचूळ. हाहाकार जाहला. सालोमीबाईंनी हे वर्तमान ऐकिले तेव्हा केसांस तेल लावून ओट्यावर बसल्या होत्या. लिडियाबाईंनी पाहिले की लेकीने तोंड फिरविले आणि पदराने डोळे पुसले. मग लिडियाबाईंच्या अंतःकरणास काय जाहले ते लिहिणे नको. एका बाजूस नवरा, एका बाजूस भाऊ, आणि मध्ये एक मुखवटेवाला, ज्याचे तोंड कोणी पाहिले नाही.

पहिली चढाई लुईस यांनी केली. बँड घेऊन फ्रेडरिकांच्या फाटकाबाहेर उभे राहिले आणि ट्रम्पेट, क्लॅरिनेट व मोठा ढोल यांची ऐशी सरबत्ती केली की नारळावरचे कावळे अर्नाळ्याकडे गेले. खबर अशी की आत ओसरीवर फ्रेडरिकांचा उजवा पाय ताल धरीत होता. परंतु फाटक उघडले नाही. दोन गती वाजवून जाहल्यावर आतून आवाज आला, "क्लॅरिनेट बेसूर आहे!" आणि लुईस यांची फौज शिकस्त खाऊन परतली. क्लॅरिनेटवाले आजही ते मान्य करीत नाहीत.

दुसरी मसलत जयराम यांची. हे नायगावच्या खाडीकाठचे शेतकरी, उभय मेहुण्यांचे जुने स्नेही, लग्नासाठी कोलंबीची टोपली घेऊन आले होते. सर्व वृत्तांत ऐकून म्हणाले, "पानी ते पानी. मी आमचे बावीचा पानी आनून देतो, बैलगारी हाय. येवरा काय त्यात?"

यावरी बायकांच्या पथकाच्या पुढारी हिल्डाबाई यांनी जाब दिला, "खाडीकाठचं पाणी? त्यानं नवरी न्हाऊ घालायची, आणि मग काय, बोंबलासारखी दोरीवर वाळत घालायची?"

जयराम मग वकिलीचा मार्ग धरोन एकदा या घरी, एकदा त्या घरी जाऊ-येऊ लागले. दोन्ही घरी चहा मिळे. तह मिळेना.

मग आळीतील वृद्धांनी कुरसाजवळ दरबार भरविला. उभय पक्षांस पाचारण जाहले. फ्रेडरिक हँडल काखेत मारून आले, न जाणो मागून कोणी नेईल. अपराध्याचे पिंजऱ्याचे जागी एक लाकडी स्टूल ठेविले होते. ते कोणी मुद्दाम ठेविले की सहज, हे कळत नाही. प्रश्न मांडिला गेला की, स्टूल मारून जाहल्यावरी झंबोऱ्याने काय केले? त्यावरून मन समजेल.

हिलरींनी साक्ष दिली की, मी स्वतः तेथे होतो, मारल्यावर तो रडला. मुखवटा हनुवटीपासून वर उचलून त्याने डोळे पुसले. फ्रेडरिकांनी साक्ष दिली की, मीही तेथेच, याच्या शेजारच्याच खुर्चीवर होतो, तो हसला. आणि बिजलीसिंगावर थुंकला. मग एकजण छातीवर क्रूस काढी, तो दुसरा त्याहून मोठा क्रूस काढी.

तेव्हा लिडियाबाई पुढे आल्या. त्या दरबारी बोलत नसत, म्हणून कठड्यावरची मंडळी माना पुढे काढोन ऐकू लागली.

त्या म्हणाल्या, "सालोमीचे पप्पा, फ्रेडादादा, मला एवढंच सांगा. ते दिवस मोगऱ्याचे होते ना?"

उभयतांनी होकार दिला.

"मोगऱ्याच्या कळ्या उमलायच्या आत खुडायच्या असतात. पहाटे टोपल्या दादरला जातात. त्या दिवशी आळीतून जेवढे कुस्तीला गेले ते सगळे स्टूल बघितल्याबरोबर उठले आणि घरी आले. दोघांना मी वाढलंय. तू म्हणालास, दादा, की वांग्यात मीठ जास्त पडलंय, ते मीच घातलं होतं. मग शेवट कधी पाहिलात?"

सभेवर ऐसी शांतता पसरली की दूरच्या तबेल्यातील म्हैस ऐकू आली. वाचकांनी जाणावे की, फुलबागाईतदार कोणत्याही खेळाचा शेवट पाहत नाही. कळी त्याच्यासाठी थांबत नाही. तमाशा असो, सर्कस असो, हे मध्येच उठतात आणि उरलेला भाग वाटेने आपापल्या स्वभावाप्रमाणे पुरा करितात. हिलरींनी वाटेने झंबोऱ्यास रडविले, फ्रेडरिकांनी हसविले, आणि घरी पोचेतो दोघांनीही डोळ्यांनी पाहिले ऐसे जाहले. समस्त आळी एकमेकांचे तोंड पाहू लागली, कारण की त्या दिवशी तेथे गेलेल्यांत शेवटपर्यंत बसलेला इसम एकही नव्हता.

कोणास वाटेल, येथे कलह मिटला. मिटला नाही. हिलरी म्हणाले, रडलाच असेल. फ्रेडरिक म्हणाले, हसलाच असेल. आणि पुन्हा तोफा डागल्या गेल्या.

तेव्हा घरच्या ओट्यावरून हे सर्व ऐकत असलेल्या सालोमीबाई उठून, तेलकट केसांस तसाच पंचा गुंडाळलेला, दरबारात आल्या. नवरीने आदल्या आठवड्यात असे बाहेर येऊ नये हा रिवाज. परंतु त्या गोंगाटात कोणास रिवाज आठवला नाही. त्या वर्गात उभ्या राहत तैशा उभ्या राहिल्या.

"मामा, झंबोऱ्याला काही कारण नव्हतं ना?"

"कसलं कारण! जातीचा दुष्ट."

"म्हणजे जो वाईट करतो त्याला कारण लागत नाही. मग तुम्ही बाव बंद केलीत, तीही तशीच? जातीचे दुष्ट म्हणून?"

फ्रेडरिक उसळून बोलिले, "मला कारण आहे!"

हे शब्द तोंडातून गेले मात्र, कठड्यावरची मंडळी ओरडली, हिल्डाबाईंनी टाळी दिली, आणि हिलरी विजयाने मिशांवर हात फिरवू लागले. तो सालोमीबाई त्यांजकडे वळल्या.

"पप्पा, हसू नका. मनुष्य उगाच स्टूल उचलत नाही, हे तुम्ही माझ्या लहानपणापासून सांगता. मग मामानं पोहरा का उचलला, ते एकदा तरी विचारलंत? सुपारीवरून एवढं होत नाही. कुस्तीवाल्याचं मन तुम्हांला मुखवट्याच्या आत दिसलं. माझ्या मामाला तर मुखवटाही नाही."

हिलरींचा हात मिशीवरच राहिला. मग ते फ्रेडरिकांस म्हणाले, "काय झालं रे?"

फ्रेडरिक जमिनीकडे पाहत होते. मग अगदी हलक्या आवाजात, जणू हँडलाशीच, बोलिले, "कामणच्या लॉरीवाल्याला आवतण आदल्या दिवशी. मला दुसऱ्या दिवशी, सगळ्या आळीबरोबर. माझ्या बहिणीची एकुलती पोर. पहिलं आवतण मामाचं असतं, हिलरी."

हिलरींस आता स्मरले. लॉरी हातची जाईल या घाईत मामा मागे राहिला, आणि चित्रावरी नाव खाली व बारीक पडले. ते चार पावले पुढे आले आणि हात पुढे केला.

फ्रेडरिकांनी त्या हाताकडे पाहिले. हिलरींनी फ्रेडरिकांकडे पाहिले. समस्त आळीने स्टुलाकडे पाहिले. तो जयराम यांनी प्रसंग ओळखून स्टूल आधीच ओढून आपले बुडाखाली घेतले होते आणि दोन्ही हातांनी घट्ट धरिले होते. म्हणाले, "चालू द्या. मी बसलोय."

मग फ्रेडरिकांनी हातावर हात मारिला, आणि त्याचा आवाज थेट चर्चच्या पायरीपर्यंत ऐकू गेला.

तथापि रीत ती रीत. हिलरी घरी गेले, कोट चढविला, बँड पुढे घातला, आणि फ्रेडरिकांच्या उंबऱ्यावर जाऊन पहिले आवतण दिले, जणू त्याआधी कोणास दिलेच नव्हते. क्लॅरिनेट त्या दिवशी सुरात होते, ऐसे दस्तुरखुद्द फ्रेडरिकांनी कबूल केले. मग लग्नाचे आदले दिवशी बायका गात बावीवर गेल्या, मामासाहेबांनी आपल्या हाते पोहरा ओढिला, आणि उंबराचे पाणी नवरीच्या मस्तकी पडले. तेव्हा ओल्या चेहऱ्याने सालोमीबाई हसत होत्या की रडत होत्या, याविषयी उभय पक्षांत मतभेद आहे.

तहाची कलमे ठरली ती ऐशी. फ्रेडरिकांनी मान्य करावे की झंबोऱ्यास कारण असावे. हिलरींनी मान्य करावे की कारण असले तरी स्टूल मारणे ही हरामखोरीच. उभयतांनी डाव्या हाताने मान्य केले. लग्न निर्वेध पार पडले, कोलंबी पुरली, लॉरीवाला तिसऱ्या पंगतीस बसला. आणि त्याच पंगतीत हिलरींचा सवाल ऐकू आला की, बिजलीसिंगाने तरी हात मनापासून पुढे केला होता काय? त्यावर फ्रेडरिकांनी पान सोडून उठावयाचा आव आणिला.

सालोमीबाईंनी ते मांडवाच्या दुसऱ्या टोकावरून ऐकिले. वऱ्हाड निघतेसमयी फ्रेडरिकांच्या अंगणात गेल्या, मामांच्या पाया पडल्या, आणि उठताना बावीवरचा पोहरा दोरासहित उचलून, नव्या साडीवर पाणी ठिबकत असता, लॉरीत आपल्या शेजारी ठेविला. मामासाहेबांनी विचारिले, "पोरी, मी पाणी कशानं काढू?" त्या म्हणाल्या, "इंजिन आहे की. हँडल तेवढं मम्मीकडे द्या."

येणेप्रमाणे चिंचआळीचा वेढा उठला. फत्ते सालोमीबाईंची जाहली, हे उभय पक्षांस कबूल. पोहरा नायगावी ओलीस असून खुशाल आहे. झंबोऱ्याचे मन अद्याप समजले नाही.