चाळीस नंबरचा शुक्रवार

डेस किलमार्टिननं कुणाशी हात मिळवला, की तो माणूस सोमवारी कामावर दिसत नसे. आमच्या कुलबारा गावात हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक होतं. एरवी डेस हात मिळवण्याच्या भानगडीत पडायचा नाही. त्याचे हात सदा ग्रीसनं माखलेले असत आणि तोंड सदा चालू असे. पण कुणाला कामावरून काढायचं ठरलं, की तो बेसिनपाशी जाऊन हात स्वच्छ धुवायचा, पुसायचा आणि त्या माणसापुढे धरायचा. बस्स. पुढे एक शब्द नाही. ज्याला ठेवायचं त्याला मात्र नुसतं म्हणायचा, "सोमवारी सहा वाजता."

त्या शुक्रवारी ब्रॉडीची डेसच्या वर्कशॉपमधली उमेदवारीची चार वर्षं संपत होती. म्हणून सकाळपासून त्याची नजर नटबोल्टवर कमी आणि बेसिनवर जास्त होती. डेस नुसता त्या दिशेनं वळला तरी बिचाऱ्याच्या हातातला पाना खाली पडायचा.

डेसच्या रोडट्रेन गुरं वाहायच्या. पुढे एक इंजिन, मागे तीन लांबलचक ट्रेलर, आणि दोन गावांच्या मध्ये लाल मातीशिवाय काही नाही. वाटेत गाडी बंद पडली तर ड्रायव्हरचे आणि गुरांचे, दोघांचेही हाल. त्यामुळे वर्कशॉपमध्ये डेसचा कायदा कडक होता. ज्याच्या हातून चूक होईल त्यानं शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांसाठी बिअरची पेटी आणायची. ब्रॉडीनं चार वर्षांत इतक्या पेट्या आणल्या होत्या, की पबवाला त्याला आता नातेवाइकासारखा वागवायचा. डेसनं मात्र तीस वर्षांत एकही पेटी आणली नव्हती. डेस चुकत नसे, असं डेसचं म्हणणं होतं.

"ए दिवट्या!" डेस ट्रकखालून ओरडला. "नोलाच्या गाडीतल्या वायरलेसच्या माइकचा हूक बसवलास का?"

"बसवला, बॉस."

"कुठं बसवलास?"

"जरा खाली. हाताला सोपा पडेल म्हणून."

"मी कुठं सांगितला होता?"

"वर."

"मग तुला सोपं काय आणि अवघड काय, हे विचारलं होतं का मी? जा, नवा वॉटर पंप बसवलाय, नोलाबरोबर तीच गाडी फिरवून आण. तिन्ही ट्रेलर लावून. संध्याकाळी नोला गुरं घेऊन निघणार आहे. आणि येताना तोंड लटकावून येऊ नकोस, ऑफिसात जॉइसला उगाच वाईट वाटतं."

जॉइस म्हणजे डेसची थोरली बहीण. ती ऑफिस आणि वायरलेस सांभाळायची. डेसला "गप बस" म्हणू शकणारी पंचक्रोशीतली ती एकमेव व्यक्ती होती.

डेसची ड्रायव्हर नोला साठीची होती. ट्रक चालवताना तिला काळ्या ज्येष्ठमधाच्या कांड्या चघळायला लागत आणि बोलायला कुणीतरी लागे. तिनं आपला बर्फ ठेवलेला जेवणाचा जड डबा दोन सीटच्या मध्ये ठेवला, ब्रॉडी शेजारी चढला आणि गाडी फाटकाबाहेर पडली. पहिल्याच खड्ड्यात खाली बसवलेल्या त्या हुकावरून वायरलेसचा माइक निसटला आणि सीटच्या फटीत पडला. दुसऱ्या खड्ड्यात नोलाचा डबा सरकला आणि थेट माइकच्या बटणावर जाऊन बसला.

आता वायरलेसचं असं असतं, की एकानं बटण दाबून ठेवलं की त्या नंबरवर बाकी कुणालाच बोलता येत नाही. बाकीच्यांनी फक्त ऐकायचं. आणि बटण दाबणाऱ्याला मात्र कुणाचंही काहीही ऐकू येत नाही. पुढाऱ्याच्या भाषणासारखाच प्रकार. चाळीस नंबरवर आमचा सगळा मुलूख असतो. ट्रकवाले, गुरांच्या फार्मवरचे लोक, शाळेची बस, पेट्रोल पंपावरचा स्टाव्ह. आणि अर्थात डेसचं वर्कशॉप. तिथला वायरलेस भिंतीवर टांगलेला आणि कायम चालू.

"काय रे पोरा," नोला म्हणाली, "आज तुझा निकाल. काय म्हणतोय म्हातारा?"

झालं. चार वर्षं तुंबलेलं धरण फुटलं.

"काय म्हणणार? 'हे घट्ट केलंस? याहून घट्ट माझी आजी दातांनी करायची! आणि तिला दात नव्हते!'" ब्रॉडीनं डेसचा आवाज हुबेहूब काढला. नोला स्टिअरिंगवर थाप मारून हसली. मग त्याला आणखी चेव आला. "सकाळी गुड मॉर्निंग म्हटलं, की आभाळाकडे बघतो. कुणाला विचारून चांगली झाली म्हणून! आणि चालतो कसा? पाय मुरगळलेल्या इमूसारखा. बीटाचं सँडविच उभ्यानं खातो, का तर बसलं की आपण आळशी होऊ!"

वर्कशॉपमध्ये सगळी कामं थांबली. वेल्डिंग करणाऱ्यानं मशीन बंद केलं. टायरवाले भिंतीपाशी येऊन उभे राहिले आणि कुणीही डेसकडे बघेना. जॉइसनं ब्रॉडीला फोन लावला, पण आमच्याकडे गावाबाहेर पडलं की फोनचा उपयोग फक्त घड्याळ म्हणून. तिकडे शाळेच्या बसमध्ये पोरांनी ड्रायव्हरला आवाज वाढवायला लावला.

डेसनं हातातला पाना खाली ठेवला. त्यानं एक स्टूल ओढलं, वायरलेसखाली ठेवलं आणि चक्क बसला. तो बसलेला पाहूनच दोघे जण पाठीमागच्या दारानं सटकले.

"आणि तेल सोडायचा तो ड्रेन प्लग!" ब्रॉडीचा आवाज भिंतीवरून गरजला. "मागल्या ख्रिसमसला गिअरबॉक्सचं तेल गावभर सांडलं, आठवतं? पेटी कुणी आणली? मी! अख्ख्या गावानं मला 'तेल्या' म्हणून चिडवलं. आणि तो प्लग लावला होता कुणी? डेसनं स्वतः! माझ्या हातातून पाना हिसकावून घेतला, 'सर बाजूला, तुझ्यानं नाही व्हायचं' म्हणाला आणि स्वतः बसवला. सैल!"

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"बोलतो! मला काय मरायचंय? अगं, त्या माणसाला जर कुणी... नोला, थांब."

"का रे?"

"गप. जरा गप. ऐकतेयस का? बारीक. चिर्रर्र करतंय."

"मला नाही ऐकू येत."

"पट्ट्याच्या बाजूनं येतंय. गाडी कडेला घे."

वर्कशॉपमध्ये डेसनं हात वर केला. कुणी बोलत नव्हतंच, तरीही वर केला. त्यानं कान वायरलेसला टेकवला. भिंतीवरून ट्रकचं दार उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ नुसतं इंजिन, मग बॉनेट आपटल्याचा आवाज.

"पुलीचं बेअरिंग चाललंय," ब्रॉडी परत चढत म्हणाला. "वॉटर पंप ठीक आहे, पण शेजारची पट्टा ताणणारी पुली गरम झालीय. माझंच चुकलं. पंप बदलताना तीही हातानं फिरवून बघायला हवी होती."

"रात्रभर टिकेल का?"

"कदाचित टिकेलही. पण तू गुरं घेऊन मध्येच कुठंतरी थांबलीस तर? नको. पुढे स्टाव्हच्या पंपावर वळव आणि हळूहळू परत घेऊ. नवं बेअरिंग टाकल्याशिवाय ही गाडी जायची नाही."

"म्हणजे आजची पेटी तुझीच."

"माझीच," ब्रॉडी म्हणाला. गाडी पुन्हा रस्त्याला लागली. तो पुन्हा बोलला, तेव्हा त्याचा आवाज निराळाच होता. "नोला, खरं सांगू? मला आज हात नकोय. त्यानं हात पुढे केला ना, तर मी रडेन बघ. सगळ्यांसमोर."

"अरे, एवढा वेळ तर शिव्या घालत होतास!"

"त्या घालणारच. पण शाळेत मला कुणी ओरडायचंसुद्धा नाही. मास्तरांनी नाद सोडला होता. मागच्या बाकावर बसवायचे आणि विसरून जायचे. हा पहिला माणूस, जो माझ्यावर ओरडला. पहिल्या महिन्यात एकाच चाकाचे नट त्यानं मला दिवसभर काढायला आणि बसवायला लावले. रात्री बोटं मिटत नव्हती. मी आईला म्हणालो, उद्यापासून जाणार नाही. गेलो मात्र. मग त्या उन्हाळ्यात आई धाकटीला घेऊन समुद्राकडे निघाली होती. मी आपला सवयीनं गाडीभोवती फिरलो. मागच्या चाकाचे तीन नट हातानं फिरले, नोला. नुसत्या हातानं." तो थांबला. "त्या दोघी आज आहेत ना, त्या डेसच्या शिव्यांमुळे आहेत. पण हे त्याला सांगणार कोण? गुड मॉर्निंगचं तो काय करतो ते सांगितलंच तुला."

नोलानं खिशात हात घातला. तिनं ज्येष्ठमधाची एक कांडी त्याच्यापुढे धरली, आणि नोला आपली कांडी कुणाला देत नाही.

स्टाव्हच्या पंपावर इंजिन चालूच ठेवून दोघं तिथल्या खानावळीत गेली. आत पाऊल टाकताच ब्रॉडीला काहीतरी विचित्र वाटलं. खाणारे सगळे हातातला काटा तसाच धरून त्याच्याकडे बघत होते. एक आडदांड ट्रकवाला उठला, इमूसारखा लंगडत दारापर्यंत गेला आणि खो खो हसत बाहेर पडला. स्टाव्हनं न मागता मटणाचं गरम पॅटिस पुढे ठेवलं.

"पैसे नकोत, बाळा. खाऊन घे. पुढचं कुणी सांगावं?"

"म्हणजे?"

"आई बरी आहे ना? आणि धाकटी?"

ब्रॉडीनं नोलाकडे पाहिलं, नोलानं स्टाव्हकडे. तेवढ्यात ब्रॉडीच्या कानावर तो ओळखीचा आवाज आला. चिर्रर्र. पण ट्रक तर बाहेर उभा होता, आणि आवाज येत होता काउंटरवरून. साखरेच्या बरणीशेजारी ठेवलेल्या वायरलेसमधून त्याचीच पुली रडत होती.

"हा... हा आवाज इथं कसा?"

"बाहेरून येतोय रे, तुमच्या गाडीतून," स्टाव्ह हळूच म्हणाला. "तू फाटकाबाहेर पडलास तेव्हापासून येतोय. सगळाच."

ब्रॉडीनं पॅटिस तिथंच टाकलं. बाहेर धावत जाऊन त्यानं डबा उचलला, माइक ओढून काढला. बटण सुटताच वायरलेसमधून एकदम सगळा मुलूख बोलायला लागला. कुणी हसत होतं, कुणी "शाबास, तेल्या!" म्हणत होतं, शाळेच्या बसमधली पोरं "पुन्हा, पुन्हा!" ओरडत होती. आणि त्या सगळ्या गोंधळात जॉइसचा शांत आवाज आला, "ब्रॉडी, बाळा, सावकाश ये. तो बसलाय."

"बसलाय?" ब्रॉडी पांढराफटक पडला. "डेस बसलाय?"

परतीच्या वाटेवर तो खिडकीबाहेर बघत राहिला. एवढं रान मोकळं, पण लपायला एक झाड नाही.

गाडी आवारात शिरली तेव्हा सगळे जण आपापल्या कामात भलतेच गुंतलेले होते. एक जण तर झाडलेलीच फरशी पुन्हा झाडत होता. डेस बेसिनपाशी उभा होता. नळ चालू होता. त्यानं साबण लावून हात धुतले, नखं घासली, टॉवेलनं एकेक बोट पुसलं. मग त्या पाय मुरगळलेल्या इमूच्या चालीनं सावकाश ब्रॉडीसमोर आला. आणि त्यानं हात पुढे केला.

ब्रॉडीच्या डोळ्यांत पाणी तरळलं. त्यानंही हात पुढे केला.

"तो नको," डेस खेकसला. "हात नवं बेअरिंग घ्यायला धरलाय. पण जाऊ दे, तूच टाक. मीच टाकणार होतो, म्हणून हात धुतले. जुनं ग्रीस नव्याला लागता कामा नये, हे चार वर्षं सांगतोय."

ब्रॉडी पुढे केलेला हात मागे घ्यायलाच विसरला.

"आणि ऐक. शिव्या मी सगळ्या ऐकल्या. आवाज चांगला काढतोस, पण माझी आजी तशी नव्हती. नंतर तू ते रडगाणं सुरू केलंस तेव्हा मी बंद केला वायरलेस. माझ्याकडे कामं आहेत."

"हो, बॉस."

"एक गोष्ट मात्र." डेसनं गॉगल काढला, पुसला, पुन्हा लावला. "मला शिव्या घालताना माणसाला जगाचं भान राहत नाही. माझं स्वतःचंही राहिलं नसतं. तुझं राहिलं. बेअरिंग बारीकसं चिरकलं आणि तू तोंड बंद केलंस. सोमवारी सहा वाजता ये. हूक वर बसव. पेटी तुझी."

संध्याकाळी नोला गुरं घेऊन निघाली. पुलीचं बेअरिंग नवं होतं, गाडी मांजरासारखी गुरगुरत गेली. वर्कशॉपमध्ये सगळे जमले. ब्रॉडी पबमधून पेटी खांद्यावर घेऊन आला आणि पाहतो तर बाकावर एक पेटी आधीच ठेवलेली. थंडगार. सगळे तिच्याकडे जनावर पाहावं तसे लांबून पाहत होते.

"ही कुणाची?" जॉइसनं विचारलं.

डेस पाठ करून कपाटाला कुलूप लावत होता.

"ड्रेन प्लगची," तो म्हणाला.

ब्रॉडीनं आपली पेटी खाली ठेवली. चार वर्षांत न बोललेलं सगळं आता तोंडाशी आलं होतं.

"बॉस, मला तुमचे..."

"पुरे," डेस कुलूप ओढून बघत म्हणाला. "एकदा ऐकलंय."