आत्याच्या गाण्यांची पूर्वतपासणी

हेडक्लार्कच्या आत्याला एकोणीस गाणी येत होती आणि ती जगात दुसऱ्या कोणालाही येत नव्हती. तिच्या घशाची शस्त्रक्रिया तीन आठवड्यांवर आली होती. त्यानंतर बोलता येईल, गाण्याचं मात्र विसरा, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. तेव्हा हेडक्लार्कने मागची खोली रिकामी केली, भिंतींवर जाड रजया ठोकल्या, मायक्रोफोन, कॉम्प्युटर आणि हेडफोन आणले आणि आत्याला मुक्कामी बोलावून घेतलं. आत्या हरखून गेली. गाणी आपल्याबरोबर जाऊ नयेत, एवढंच तिला हवं होतं.

पण हेडक्लार्कची सव्वीस वर्षं सरकारी कचेरीत गेली होती. यंत्र चालू करून सरळ गायला बसवायचं, हे त्याच्या रक्तातच नव्हतं. त्याने ‘उपकरण पूर्वतपासणी तक्ता’ तयार केला. कलम दोननुसार रोज सकाळी दोन मिनिटं शांततेचा नमुना ध्वनिमुद्रित करायचा, त्या वेळी गायिकेने मायक्रोफोनसमोर तोंड मिटून बसायचं आणि नमुना निर्दोष निघाल्याखेरीज गायनास परवानगी द्यायची नाही. सदोष नमुना त्याच दिवशी नष्ट करायचा, हे कलम चार.

पहिल्याच नमुन्यात बारीक घूं घूं निघाली.

दुसऱ्या दिवशी फ्रिज बंद ठेवला आणि दूध नासलं. तिसऱ्या दिवशी केबल बदलली, चौथ्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ उतरवलं. सहाव्या दिवशी शेजाऱ्यांकडून, सकाळी नऊ ते अकरा वॉशिंग मशीन लावणार नाही, अशी लेखी हमी घेतली. शेजाऱ्यांनी तिची पोच मागितली. नवव्या दिवशी हेडक्लार्कने घराचा मेन स्विचच पाडला. कॉम्प्युटर बंद पडला आणि घूं घूंही थांबली. ‘आवाज थांबला, कारण अनिश्चित,’ अशी नोंद त्याने केली.

आत्या रोज अंघोळ करून, केस विंचरून स्टुलावर येऊन बसायची आणि न गाता उठायची. शेवटी बायकोला राहवेना. “अहो, एकदा गाऊ तर द्या त्यांना. असू दे ती घूं घूं.”

“चुकीचा पायंडा पडेल,” हेडक्लार्क म्हणाला.

सतराव्या दिवशी तंत्रज्ञ आला. हेडफोन लावून तो नमुना ऐकत बसला आणि बघता बघता त्याची बोटं गुडघ्यावर ठेका धरू लागली.

“साहेब, वायरिंगची घरघर एकाच सुरात असते,” तो म्हणाला. “ही वर-खाली होतेय. हिला चाल आहे.”

दोघांनी आत्याकडे पाहिलं. तिचं तोंड नियमानुसार मिटलेलंच होतं.

“आधी नाकातल्या नाकात घोळवल्याशिवाय मला शब्दच सापडत नाहीत रे,” आत्या ओशाळून म्हणाली. “रोज एकेक घेत होते.”

तंत्रज्ञाने घाईघाईने आधीच्या दिवसांचे नमुने मागितले. चाली तरी हाती लागतील, असं त्याचं म्हणणं होतं. हेडक्लार्कने तक्ता पुढे केला. सोळाच्या सोळा नमुने नष्ट केल्याची नोंद होती, तारीखवार, सहीनिशी. तंत्रज्ञ आपलं सामान गोळा करू लागला.

‘दोषाचे मूळ : आत्या,’ हेडक्लार्कने लाल शाईने लिहिलं, कलम चारनुसार सतरावा नमुनाही नष्ट केला आणि तिला घोळवण्यास मनाई केली. बिचारीने ती पाळली. विसाव्या दिवशी नमुना स्वच्छ निघाला. गायनास परवानगी मिळाली. आत्याने तोंड उघडलं, पण एकाही गाण्याचा एकही शब्द तिला आठवेना. दुसऱ्या दिवशी तिला हॉस्पिटलात नेलं.

आता आत्या हळू आवाजात बोलते आणि हेडक्लार्क आल्यागेल्याला तो स्वच्छ नमुना ऐकवतो. आम्हीही ऐकला. दोन मिनिटं खरोखर काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. आत्यासाठी जीव तुटला, पण वा म्हणालो.

निघताना त्याने विचारलं, तुमच्याकडे कोणाचा आवाज जपून ठेवायचा आहे का? आमची आई आहे, आम्ही म्हणालो. त्याने तक्त्याची कोरी प्रत काढून दिली. ती आम्ही भरायला घेतली आहे. तुम्हालाही हवी असल्यास लवकर कळवा. मागणी फार आहे, प्रती संपत आल्या आहेत.