पापडांचा चंद्र

गंगाधरमामांच्या सिनेमात मी चंद्रावर उतरतो तो थेट पापडांवर. त्यांनी पत्र्यावर वाळत घातलेले पापड अगदी जवळून टिपले आणि म्हणाले, "ही चंद्राची जमीन. बाकी मिक्सिंगला बसवतो."

मामा आमचे नायगावचे शेजारी. उभी हयात लग्नाच्या शूटिंगमध्ये गेली. नवरीला गुलाबात बसवणं, नवरदेवाला ढगातून चालवणं हा त्यांच्या डाव्या हाताचा मळ. मामी वारल्या आणि मामांनी लग्नं बंद केली. मग लायब्ररीतली एक जुनी विज्ञान कादंबरी पडद्यावर आणायला घेतली. एकटा माणूस चंद्रावर जातो, तिथं त्याला एक बाई भेटते, एवढीच गोष्ट. माणूस मी, कारण फुकट राबणारा दुसरा मास्तर गल्लीत नव्हता.

कादंबरीत यान होतं, मामांकडे वरातीची घोडी. चंद्रावरच्या मंडळींना त्यांनी बाशिंगं बांधली.

"मामा, हे पुस्तकात नाही."

"पुस्तकवाल्यानं लग्नं कुठं शूट केलीत, सर? बसतंय समदं."

अडलं ते बाईपाशी. कॉलेजच्या नाटकातल्या पोरी येऊन गेल्या, माझी बायकोही उभी राहिली. मामा मान हलवायचे, "ही न्हाई," आणि पुन्हा जुन्या लग्नांच्या कॅसेट लावून बसायचे. उन्हाळा सरला.

एका दुपारी मी वैतागलो. "काय शोधून राहिलात, मामा?"

पडद्यावर बिलोलीचं कुठलंसं लग्न चाललं होतं.

"तुमच्या मामीला."

मामी प्रत्येक लग्नात त्यांच्यासोबत असायच्या, हॅलोजन धरून. मामा अधूनमधून ओरडायचे, "लाईट वर धर." भिंतीवर मामींचा हार घातलेला फोटो होता, पण हलत्याबोलत्या मामी कुठेच नव्हत्या.

"लाईट धरणारं कॅमेऱ्याच्या मागंच की, सर," मामा म्हणाले. "तालुक्याच्या बाया टिपल्या. घरची येकदा बी न्हाई."

मला फार वाईट वाटलं.

शेवटी दिवेलागणीला अंगणात चादर बांधून सिनेमा लावला. मी घोडीवरून चंद्रावर पोचलो तेव्हा गल्ली पोट धरून हसली. पण तिथं बाई नव्हतीच. मामांनी जुन्या लग्नांतला नुसता हॅलोजनचा उजेड उचलून चंद्रावर सोडला होता. तो पापडांवरून माझ्याकडे सरकत आला, आणि हळूहळू थरथरायला लागला.

शेजारी बसलेले मामा चादरीकडे बघत हलक्या आवाजात म्हणाले, "हात भरून आला असंल. ठिव आता खाली."