कुंकवाची बॅच

डॉक्टर शशिधरांनी पोलादी कपाट उघडलं. आत रायफल होती आणि काडतुसांचा एकच खोका. २००९ साली अमेरिकेत लोक काडतुसं साठवत सुटले होते आणि त्याची झळ इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या दुकानदारापर्यंत पोचली होती. शिवाय मिळतील ती काडतुसं डॉक्टरांना चालणारी नव्हती. एकाच कारखान्याच्या वेगवेगळ्या बॅच झाडून पाहून त्यांनी सिद्ध केलं होतं, की त्यांच्या रायफलीला नेमकी हीच बॅच मानवते. भूलतज्ज्ञ असलेल्या या गृहस्थांचा पुराव्याशिवाय कशावरही विश्वास नव्हता.

शनिवारी काउंटीच्या नेमबाजी संघाची निवड होती. वर्षानुवर्षं ते राखीव खेळाडूच राहिले होते आणि आता डोळ्यांत मोतीबिंदू धरू लागला होता. यंदा नाही, तर कधीच नाही.

आज मात्र कपाट उघडलं होतं ते खंडेनवमीसाठी. नाशिकहून आलेल्या आत्याचा हट्टच तसा होता.

"रायफलीला हळदीकुंकू लावलंस, मग तिच्या पोटात जाणाऱ्यांनी काय पाप केलंय?"

"अगं आत्या, परवाना नसेल तर काडतुसांना हात लावायचा नाही. इथला कायदा आहे."

"मी कुठे लावतेय? तू लाव. मी नुसती बघते."

कायद्याच्या दृष्टीने हा युक्तिवाद निर्दोष होता. डॉक्टर मुकाट्याने एकेका काडतुसाच्या टोकाला कुंकू लावू लागले.

"नीट लाव. बोटं कसली झटकतोस!"

पूजा आटोपल्यावर त्यांनी एक काडतूस पुसून पाहिलं. या काडतुसांच्या शिशावर मेणाचा पातळ थर असतो. कुंकू त्या मेणात रुतून बसलं होतं. पुसावं, तर कुंकवाबरोबर मेणही जाणार. मेण गेलं, की शिसं नळीला चिकटणार आणि नेमाचा बट्ट्याबोळ होणार.

त्यांनी क्लबचा कॅप्टन नकुल याला फोन लावला. नकुल मेडनहेडमध्येच जन्मलेला वकील. तो हीच बॅच वापरत असे.

"नकुल, एक खोका उसना दे रे."

"सॉरी काका, माझी स्टॉक एकदम टाइट आहे. बाकी सगळ्यांचा पण. तुमच्या गोळ्यांना काय झाला?"

"थोडी... सजावट झालीय."

बाकीच्या सभासदांनीही मनापासून हळहळ व्यक्त केली, आणि फोन ठेवला.

शनिवारी सकाळी आत्याला घेऊन डॉक्टर क्लबच्या रेंजवर गेले आणि त्यांनी लाल टोकांची काडतुसं वापरली. दुसरा इलाज नव्हता. पहिली फेरी संपून लक्ष्याचा कागद हाती आला. गोळ्या दहा, भोक एकच, शर्टाच्या बटणाएवढं. एकेक सभासद पुढे येऊन कागद पाही आणि आवाज न करता मागे सरके. इतकी शांतता डॉक्टरांनी फक्त शस्त्रक्रियागृहात अनुभवली होती.

"ब्लडी हेल, काका," नकुल कुजबुजला. "हा रेड पावडर कुठला आहे?"

आत्याने पर्समधून कुंकवाचा करंडा काढला. पुढच्या पाच मिनिटांत बाहेर गाड्यांच्या डिक्या उघडल्या. गोल्फच्या पिशव्यांतून, रेनकोटांच्या घड्यांतून खोके निघाले, करंड्यापुढे खोक्यांवर खोके रचले गेले. डॉक्टर थक्क होऊन पाहत राहिले.

"शशी," आत्या चहा ओतता ओतता म्हणाली, "दुष्काळ पडलाय म्हणालास ना रे?"

डॉक्टरांमधला शास्त्रज्ञ जागा झाला. एका कागदावरून काहीही सिद्ध होत नाही, कुंकू म्हणजे केवळ हळद आणि चुना, हा निव्वळ योगायोग आहे, हे त्यांनी सर्वांना मुद्देसूद इंग्रजीत समजावलं. सर्वांनी माना डोलावल्या.

"ओके काका, पटला," नकुल म्हणाला. त्याने एक कोरा खोका पुढे केला. "हा घ्या. सेम बॅच, एकदम क्लीन. दुपारच्या फेरीला हेच वापरा. आणि तुमच्या उरलेल्या लाल गोळ्या मला द्या. तुम्हाला तर फरक पडत नाही ना?"

ज्या खोक्यासाठी डॉक्टरांनी आठवडाभर सगळ्यांची मनधरणी केली होती, तोच समोर होता. आत्याच्या हातातला थर्मास अधांतरी थांबला. सगळा क्लब त्यांच्याकडे पाहत होता.

"नकुल," डॉक्टर शांतपणे म्हणाले, "प्रयोग चालू असताना मध्येच साहित्य बदलणं शास्त्रात बसत नाही."

आणि लाल काडतुसांचा खोका त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात, अगदी छातीशी ठेवला.