मागची सीट

रविवारी सकाळी बायकोने इस्त्री केलेली पॅन्ट कपाटात लावली आणि नवऱ्याला म्हणाली, "उद्या मुलाखतीला मला कोरडं जायचंय. काय करायचं ते करा."

पावसाचे दिवस नव्हते. बोलणं मोटरसायकलच्या मागच्या सीटबद्दल चाललं होतं.

नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. मित्र त्याला अजूनही रेसर म्हणत, कारण लग्नाआधी घेतलेली स्पोर्ट्स बाइक त्याने अजून सोडली नव्हती. पोट पुढे आलं होतं, केस मागे गेले होते, पण गाडी तीच. तिची पुढची सीट त्याने दोनदा बदलली होती. मागची राहून गेली होती. तिचं कव्हर फाटलं होतं आणि गाडी धुतली की आतला फोम पोटभर पाणी पिऊन बसायचा. वरून हात लावला तर कोरडा. माणूस टेकला की सगळं परत करायचा. गेल्या महिन्यात बायको अशीच शाळेत पोचली आणि दिवसभर वर्गाकडे पाठ न करता शिकवत राहिली. फळ्यावर लिहायचं काम तिने एका हुशार मुलीवर सोपवलं होतं.

आता दुसऱ्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा निघाली होती. शाळा गावाबाहेर, आणि बसचा काही नेम नव्हता.

"सीटवाल्याकडे टाका," बायको म्हणाली.

"तो बुधवारी देतो म्हणतोय. मीच करतो. रोज काचा घासतो मी, केसाइतका फरक कळतो मला."

"काच बसायला नसते."

पण तो कामाला लागला होता. चावी फिरवून त्याने मागची सीट काढली. चावी इकडेतिकडे पडू नये म्हणून सीटखालच्या खोबणीत ठेवली. मग स्क्रूड्रायव्हरने एकेक पिन उचकटत कव्हर सोडवलं. फोम हातात आला तो चुरा होऊनच. त्याची आई खुर्चीत बसून बघत होती.

"अरे, हा तर भिजलेल्या पावासारखा झालाय," ती म्हणाली.

"नवीन टाकणार आहे."

नवीन म्हणजे दुकानात मशीनच्या खोक्यातून निघालेला जाड, टणक फोम. तो त्याने चाकूने कापला. डावीकडे जास्त कापला गेला म्हणून उजवीकडे कापला. मग उजवीकडे जास्त झाला.

"आता पुरे कर," आई म्हणाली, "नाहीतर लहान मुलाची सीट होईल."

रेक्झिन आणताना दुकानदाराने खरखरीत दाखवलं होतं. रेसरने चकचकीत घेतलं होतं, आरशासारखं. ते ताणून बसवताना एका बाजूची सुरकुती गेली की दुसऱ्या बाजूला यायची. त्याने दोन स्टुलांवर सीट टेकवून आईला वर बसवलं, आईच्या वजनाने रेक्झिन ताणलं गेलं आणि त्याने खालून पिना मारल्या. दुपारचं जेवण गार झालं. पण सीट झाली, आणि खरोखर सुरेख झाली. बायकोनेसुद्धा बोट फिरवून बघितलं आणि काही बोलली नाही. हे त्याच्या लेखी कौतुकच होतं.

त्याने सीट जागेवर ठेवली आणि दोन्ही हातांनी दाबली. खट्ट आवाज झाला.

"झालं," तो म्हणाला. मग खिसे चाचपायला लागला.

"काय शोधताय?" बायकोने विचारलं.

"चावी."

"कुठे ठेवली होती?"

त्याने सीटकडे बघितलं. बायकोनेही बघितलं. आईने तेवढ्यात चष्मा पुसायला घेतला.

"बरं. दुसरी चावी काढा."

"ती जपून ठेवलीये."

"कुठे?"

"हरवू नये म्हणून…" त्याने पुन्हा सीटकडेच बघितलं.

बायकोने सीटवर बोट टेकवलं. मग तिने शांतपणे विचारलं, "म्हणजे सीट उघडायच्या दोन्ही चाव्या सीटच्या खाली आहेत?"

"हो. पण सुरक्षित आहेत."

चावीवाल्याला फोन केला. तो लग्नाला परगावी गेला होता, परवा येणार होता. रेसरने सीट ओढली, हलवली, तिच्यावर थापा मारल्या. शेवटी बायकोने तारेचा हँगर सरळ केला, टोकाला आकडा केला, आणि जमिनीवर आडवी होऊन मागच्या दिव्याखालच्या फटीतून तार आत घातली.

"आत एक केबल लागतीये तारेला. मी ओढते. तुम्ही सीट वर उचला."

"उचलतोय."

"जोरात उचला."

"अगं, आणखी किती जोरात?"

कुलूप सुटलं. सीट एकदम वर आली, त्याने दचकून उजवा हात सोडला आणि सीट तशीच खाली आदळली, डाव्या हाताच्या चार बोटांवर. तो ओरडलाच.

बायको उठून बसली. तिने बोटं बघितली, सीट बघितली.

"बरं झालं बोटं मध्ये होती," ती म्हणाली. "नाहीतर सीट परत बंद झाली असती."

हाडं वाचली, पण सकाळपर्यंत बोटं वांग्यासारखी सुजली. क्लच दाबायचा हात तोच. रेसरने हेल्मेट घातलं, क्लचला बोट लावलं आणि डोळ्यांत पाणी आणून हेल्मेट काढलं.

"द्या इकडे," बायको म्हणाली. माहेरी ती भावाची मोटरसायकल चालवायची. "तुम्ही मागे बसा. मी आत गेल्यावर गाडीपाशी कोणीतरी हवं."

इतक्या वर्षांत तो या गाडीवर मागे कधी बसला नव्हता. सीट पुढच्या सीटपेक्षा वीतभर उंच होती. गुडघे पोटाला लागले. धरायला काही नव्हतं. बायकोने ब्रेक दाबला की तो चकचकीत रेक्झिनवरून घसरत तिच्या पाठीवर जायचा, आणि वेग घेतला की मागच्या दिव्याकडे. मधल्या टणक फोमवर प्रत्येक खड्डा त्याला मणक्यात मोजून मिळत होता.

"अगं, हळू."

"मी तुमच्या निम्म्या वेगाने चालवतेय."

"आणि तू रोज इथे बसतेस?"

"बसत नाही. टिकून राहते."

शाळेच्या फाटकाशी ती उतरली, केस नीट केले आणि ताठ मानेने आत गेली. कपड्यांवर एक ठिपका नव्हता. तो गाडीला टेकून उभा राहिला. बसायची इच्छा नव्हती.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. चेहऱ्यावरूनच त्याला कळलं.

"निवड झाली?"

"झाली. पुढच्या महिन्यापासून यायचंय." तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने उगाच आपलं हेल्मेट पुसलं.

"हुशार आहेस," तो शेवटी म्हणाला.

"चला, आईंना सांगायचंय." तिने चावीसाठी हात पुढे केला.

त्याने चावी दिली. मग मागच्या सीटकडे एकदा बघितलं. ती उन्हात झळकत होती.

"तू हो पुढे," तो म्हणाला. "मी बसने येतो."

"दोन बदलाव्या लागतील."

"चालेल."